आईवडिलांच्या हाती पहिला स्मार्टफोन देताना

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आम्ही दिवाळीच्या पाडव्याला स्मार्टफोन घेऊन दिला. वय ७३, घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. रोज संध्याकाळी किटली घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घ्यायची, तिथंच पेलाभर फेसाळ दूध प्यायचं आणि तासाभरानं घरी यायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. गुडघे दुखायला लागले होते, म्हणून मी त्यांच्या फोनवर दुधाचं ॲप टाकून दिलं. सकाळी सहाला पिशवी दाराला अडकवलेली. आपण अण्णांची मोठी सोय केली, असं मला मनापासून वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी मी गंगावेशीतून जात होते. कट्ट्यावरच्या एका मामांनी हाक मारली. "अण्णा दिसंनात कुठं? बरं हाईत न्हवं?" मी म्हटलं, बरे आहेत की, घरातच असतात. मामा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घरातच असत्यात? मग बरं कसं म्हंतीस?"

घरी येऊन मी हिशेब केला. तीन आठवड्यांत अण्णा उंबऱ्याबाहेर दोनदाच पडले होते. दूध हे निमित्त होतं. त्या निमित्तानं वाटेत न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा पेपर, तालमीच्या पायरीवर बसलेले दोघं-तिघं जुने पैलवान, चहाच्या गाड्यावरचा पोरगा, आणि शेवटी कट्ट्यावरची माणसं, एवढी सगळी भेट रोज होत होती. मी एका ॲपनं ती सगळी काढून घेतली होती, आणि अण्णा एका शब्दानं बोलले नव्हते. लेकीनं सोय केलीय, तिला कसं नाही म्हणायचं!

त्यानंतर मी अण्णांना, सासूबाईंना आणि मग गल्लीतल्या बऱ्याच काका-काकूंना फोन शिकवला. रविवारी सकाळी आमच्या सोप्यात पाच-सहा जण जमतात. घरातल्या मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फोन शिकवायला जे बसणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फोन आणायच्या आधीपासूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: कामांची वही

दुकानात जाण्याआधी एक आठवडा थांबा. साधी दोनशे पानी वही घ्या. आई किंवा वडील रोज कुठल्या कामासाठी बाहेर पडतात ते डाव्या बाजूला लिहा, आणि त्या कामात त्यांना कोण भेटतं ते उजव्या बाजूला. बारीकसारीक सगळं लिहा. दळण, औषधं, लाईट बिल, भाजी, पासबुक भरून आणणं, देवळात जाणं, भिशी.

आठवड्यानं ती वही वाचली की कुठलं काम फोनवर न्यायचं ते आपोआप दिसायला लागतं. ज्या कामासमोर उजवीकडं काहीच नाही, ते खुशाल फोनवर न्या. लाईट बिल भरायला रांगेत उभं राहून कुणाचं भलं होत नाही. रेल्वेचं तिकीट, गॅसचं बुकिंग तसंच. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तोही आता जीवन प्रमाण या सरकारी सोयीनं फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून घरबसल्या देता येतो. सासूबाईंचं ते काम मी घरीच करून दिलं. ऑफिसचे जिने चढणं वाचलं, त्याचं त्यांना अजून कौतुक आहे.

पण ज्या कामासमोर माणसाचं नाव आहे, तिथं हात आखडा. कपिलतीर्थ मंडईत आई जी कोथिंबिरीची जुडी घेते ती घरपोच मिळणाऱ्या जुडीपेक्षा चांगली असेलच असं नाही, पण मंडईतली मावशी तिला "सूनबाईचं बाळंतपण कधी?" असं विचारते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. तिथं मिळणारा पेपर फोनवरही वाचता येतो. पण तिथं शेजारी बसून त्याच पेपरावर वाद घालणारे गृहस्थ फोनवर कुठून आणणार? तुमचे वडील चालू शकत असतील तर त्यांना तिकडं जाऊ द्या, आणि पेपरचं ॲप टाकायचा मोह आवरा.

आता गुडघे खरंच साथ देत नसतील तर? तर मधला मार्ग आहे, आणि माझ्या मते या लेखातली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट हीच. अनोळखी ॲपवरून मागवण्याऐवजी नेहमीच्याच दुकानदाराला व्हॉट्सॲपवर यादी पाठवायला शिकवा. आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले काका आता सासूबाईंची बोलून पाठवलेली यादी ऐकतात, दुपारी पोऱ्याबरोबर सामान धाडतात, आणि साखर जास्त मागवली तर उलट फोन करून विचारतात, "काकू, पाहुणे येणार हाईत काय?" औषधाच्या दुकानाचंही तसंच करा. गोळीचं नाव बदललं की ओळखीचा केमिस्ट लगेच हटकतो. कामं फोनवर गेली तरी माणसं तीच राहिली.

दूध मात्र आम्ही परत कट्ट्यावर नेलं. जाताना अण्णा रिक्षानं जातात, येताना सावकाश चालत येतात.

दुसरी पायरी: फोन हातात देण्याआधीचा तास

नवा फोन डब्यातून काढून तसाच हातात देऊ नका. त्यावर आधी तासभर तुम्ही बसा.

अक्षर मोठं करा. भाषा मराठी ठेवायची का हे मात्र त्यांना विचारा. बऱ्याच जणांना 'सेटिंग्ज' हा शब्द टीव्हीवर ऐकून पाठ असतो आणि त्याचा मराठी शब्द उलट अवघड वाटतो. पहिल्या पडद्यावर सहाच चित्रं ठेवा: फोन, नंबरांची यादी, कॅमेरा, फोटो, व्हॉट्सॲप, टॉर्च. बाकी सगळं आत ढकला. फोन आणि मेसेज सोडून बाकी प्रत्येक ॲपच्या सूचना बंद करा. दर दहा मिनिटांनी टिंग वाजणाऱ्या वस्तूला घाबरून आमच्या शेजारच्या काकूंनी फोन गोधडीत गुंडाळून ठेवला होता.

नंबर जतन करताना त्यांच्या तोंडातली नावं लिहा. 'सुनील कदम, प्लंबर' असं न लिहिता 'नळवाला सुनील'. प्रत्येक नावाला चेहऱ्याचा फोटो लावा, म्हणजे चष्मा नसला तरी कुणाचा फोन ते कळतं. लॉक असलेल्या पडद्यावरूनही दिसेल अशी आणीबाणीची माहिती भरता येते. रक्तगट, चालू औषधं आणि घरच्यांचे दोन नंबर तिथं घाला. व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, ती चालू करा. दोन टप्प्यांची पडताळणीही लावा आणि तिचा पिन कागदावर लिहून कपाटात ठेवा.

जुना बटणांचा फोन लगेच काढून घेऊ नका. महिना-दोन महिने दोन्ही राहू देत.

तिसरी पायरी: शेजारी बसणं

इथं घाई केलीत तर पुढचं सगळं फसेल.

अण्णांना पहिला फोन उचलायला शिकवला तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. मी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. पडद्यावर हिरवा गोल थरथरायला लागला. अण्णांनी अंगठा त्यावर ठेवला आणि दाबून धरला, जोर लावून, दाराची बेल दाबतात तसा. काही झालं नाही. परत दाबला, आणखी जोरानं. नखाखालची जागा पांढरी पडली. फोन वाजायचा थांबला. अण्णांनी फोन उशीवर ठेवला, हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "आमचा हात खरखरीत आहे गं, याला चालत नाही."

हात खरखरीत होता हे खरं. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही. पण खरी अडचण वेगळी होती. आयुष्यभर अण्णांनी जी जी यंत्रं वापरली, ती दाबली की चालायची. हे यंत्र नुसत्या स्पर्शानं चालतं, आणि तोंडानं कितीही सांगितलं तरी ते बोटाला समजत नाही. मी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्याच तळहातावर माझ्या बोटानं टिचकी मारून दाखवली, नंतर हलकेच सरकवून दाखवलं. मग म्हटलं, आता हेच माझ्या तळहातावर करा. पाच-सहा वेळा केल्यावर फोन घेतला. दुसऱ्याच खेपेला उचलला गेला.

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो. त्यात 'धरून ठेवण्याचा' वेळ वाढवता येतो. तो वाढवून ठेवा, म्हणजे बोट जरा जास्त टेकलं तरी चित्रं जागची हलत नाहीत. बोट फार कोरडं असेल तर शिकायला बसण्याआधी हाताला थोडं खोबरेल चोळून पुसून घ्या.

शिकवताना आपले दोन्ही हात पाठीमागं ठेवायचे, ही सवय मी स्वतःला मुद्दाम लावून घेतली. "द्या इकडं, मी करते" म्हणून फोन हिसकावला की त्या दिवसाचं शिकणं संपलं. एका दिवसात एकच गोष्ट, वीस मिनिटं, बस. पहिल्या दिवशी आलेला फोन उचलणं आणि ठेवणं. मग फोन लावणं. मग फोटो काढणं, आणि काढलेला फोटो परत शोधणं. मागं कसं जायचं हे रोज घोटून घ्या, कारण 'काहीतरी झालं' या भीतीवर 'मागं जा' एवढंच औषध पुरतं. व्हॉट्सॲप दुसऱ्या आठवड्याच्या आधी उघडूच नका.

आणि वही त्यांच्या हातात द्या. टिपणं त्यांनी काढायची, त्यांच्या शब्दांत. अण्णांच्या वहीत लिहिलंय: 'हिरवा गोल. दाबायचा नाही. वर ढकलायचा, कडी सरकवल्यागत.' इतकं नेमकं मला कधीच सांगता आलं नसतं.

नातवंडं शिकवायला उत्तम, पण ती भराभर करतात. आमच्याकडं एक रीत पाडली आहे. नातवानं आजीला एक गोष्ट शिकवली की आजीनं त्याला एक शिकवायची. त्या नादात आमच्या घरातल्या चौदा वर्षांच्या पोराला वाती वळता येतात आणि ज्वारीची भाकरी थापता येते, कडा थोड्या फाटतात इतकंच.

चौथी पायरी: लिहिण्याआधी बोलणं

मराठीत टाइप करायला शिकवण्यात महिना घालवू नका. कीबोर्डवरच्या माईकच्या चित्राला टिचकी मारली आणि मराठी भाषा निवडलेली असली की बोललेलं आपोआप अक्षरांत उमटतं. आपली कोल्हापुरी बोली त्याला सगळी कळत नाही, 'न्हाई'चं भलतंच काहीतरी होतं. त्यापेक्षा आवाजाचा संदेश बरा. गडहिंग्लजला दिलेली माझी आत्या आणि अण्णा आता रोज सकाळी एकमेकांना मिनिटभराचा आवाज पाठवतात. त्यात मागं कोंबडा आरवतो, कुकरची शिट्टी होते. अण्णा म्हणतात, तिच्या स्वयंपाकघरात बसल्यागत वाटतं.

पण काय कुठल्या मार्गानं सांगायचं याचा विवेक शिकवणाऱ्यानंच ठेवायला हवा. वाढदिवस, निकाल, बारसं, पोचल्याची खबर, हे संदेशानं कळवलं तरी चालतं. आजारपण असेल तर फोन करून आवाज ऐकावा. आणि कुणाच्या घरी माणूस गेलं तर जावं. गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या एक आजी वारल्या. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेली चित्रं दिवसभर येत होती. रक्षाविसर्जनाला मोजकीच माणसं होती. त्यांच्या मुलानं मला नंतर विचारलं, "एवढ्या लोकांना कळलं होतं, मग कुणी आलं का नाही?" हात जोडलेलं चित्र पाठवलं की आपण भेटून आलो असं मनाला वाटून जातं, आणि पाय घरातच राहतात. म्हणून आमच्या रविवारच्या बैठकीत ठरलं आहे: पेठेतल्या पेठेत मयत असेल तर ग्रुपवर काही लिहायचं नाही, किती वाजता जमायचं एवढीच वेळ टाकायची.

पाचवी पायरी: व्हिडिओ कॉलला काम द्या

मुलं पुण्यात, बंगळूरला, कुणाची परदेशात. व्हिडिओ कॉल लागतो आणि तीन मिनिटांत बोलणं संपतं. "जेवलास?" "जेवलो." "आणि काय?" "काही नाही." मग दोन्हीकडचे लोक पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःलाच बघत बसतात.

फोन हातात धरायला लावू नका, हात अवघडतो आणि निम्मा वेळ छतच दिसतं. पाण्याच्या तांब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खिडकी समोर हवी, पाठीमागं नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. वार आणि वेळ ठरवून टाका, म्हणजे आईला सतत "आत्ता कामात असेल का?" हा घोर राहत नाही.

आणि मुख्य म्हणजे काहीतरी काम करत बोला. माझी भाची पुण्याला असते. तिला पांढरा रस्सा शिकायचा होता. रविवारी अकरा वाजता तिकडं तिचं पातेलं, इकडं माझ्या आईचं. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि काजूचं वाटण, तुपात परतलेले अख्खे मसाले. आई पडद्याजवळ तोंड नेऊन सांगत होती, "दूध घातल्यावर खळखळ उकळू द्यायचं नाही, फाटतं. बारीक आच. पळी फिरवत राहा." मग तिनं विचारलं, "वास आला का वेलदोड्याचा?" भाची म्हणाली, "आला आज्जी." आई म्हणाली, "मग उतरव." सव्वा तास कॉल चालला, आणि त्यात दोघींनी मामाच्या लग्नापासून भाचीच्या ऑफिसातल्या त्रासापर्यंत सगळं बोलून घेतलं. नुसतं समोरासमोर बसून तो त्रास तिनं कधी सांगितला नसता. हात कामात असले की तोंड मोकळं होतं.

शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं मागं लिहून ठेवणं, काहीही चालेल.

सहावी पायरी: पुराच्या दिवसांतला फोन

कोल्हापुरात राहून हे शिकवलं नाही तर शिकवणं अपुरं राहील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग कितीतरी दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या दिवसांत फोननं माणसं वाचवायला हातभार लावला आणि फोननंच माणसं घाबरवूनही सोडली.

मोठ्यांना दोन आकडे पाठ असतातच, फक्त फोनशी जोडून द्या: राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. पुराचा मेसेज आला की त्यात तीन गोष्टी शोधायच्या, किती फूट, कुठली तारीख, किती वाजता. तिन्ही नसतील तर तो पुढं पाठवायचा नाही. धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ कुठल्याही वर्षाचा असू शकतो. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. दरवाजा उघडला म्हणजे धरणाला काही झालं असा अर्थ काढायचा नसतो. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो आधीच खूप हातांतून फिरून आलाय हेही दाखवून ठेवा. व्हॉट्सॲप असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं, ते त्यासाठीच.

मेसेज पुढं ढकलायला जी दोन मिनिटं लागतात, त्यात सुतारवाड्यातल्या किंवा नदीकाठच्या ओळखीच्या घरी फोन लावा. "सामान वर ठेवलंत का? इकडं येताय का?" एवढंच विचारा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आणि एरवीच्या कुठल्याही संकटासाठी ११२, दोन्ही जतन करा.

आणि वीज गेली की फोन दुसऱ्या दिवशी बंद पडतो. म्हणून दहा नंबर ठळक अक्षरांत कागदावर लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि देवघराच्या फळीवर ठेवा. गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसाचं दार पावसात रोज कोण वाजवणार, हेही जूनमध्येच नावानिशी ठरवून ठेवा.

सातवी पायरी: फसवणूक

पैशाचे व्यवहार सगळ्यांत शेवटी शिकवा, आणि थोडी रक्कम असलेल्या वेगळ्या खात्यावरूनच. पेन्शनचं खातं फोनला जोडूच नका. एक गोष्ट पन्नास वेळा सांगा: पैसे मिळवायला पिन लागत नाही, पिन पैसे जाताना लागतो. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आवाज कितीही गोड असो. फोनवर आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' (apk, म्हणजे ॲप बसवणारी फाइल) असेल तर तिला बोट लावायचं नाही, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो की लाईट बिल म्हणून. पत्रिका द्यायला एके काळी माणूस अक्षता घेऊन दारात यायचा. अनोळखी नंबरावरून पत्रिका आली तर यजमानाला फोन करून विचारा, तेवढंच बोलणं होईल.

पण एवढे नियम पाठ असूनही माणसं फसतात, आणि त्याचं कारण अज्ञान असतं असं मला वाटत नाही. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींना एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वेशातला माणूस. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, दार लावून घ्या, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. गुरुजी एकटेच राहतात. दोन तास ते त्या पडद्यासमोर बसून होते. तेवढ्यात शेजारच्या काकू कटाच्या आमटीची वाटी परत द्यायला आल्या. दार वाजवलं, उत्तर नाही. एरवी गुरुजी लगेच "आलो आलो" म्हणतात, म्हणून काकू वाजवतच राहिल्या, मग खिडकीशी गेल्या, हाका मारल्या. गुरुजी शेवटी उठले. दार उघडलं आणि काकूंना बघून त्यांना रडू कोसळलं. पैसे गेले नव्हते.

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. हे सांगाच, पण त्याहून सोपी खूण शिकवा: समोरचा "कुणाला सांगू नका" म्हणाला की फोन ठेवायचा आणि पहिल्या दिसेल त्या माणसाला सांगायचं. या चोरांना एकटा माणूस लागतो. ज्याच्या दारावर दिवसातून दोनदा कुणीतरी टकटक करतं, त्याला ते दोन तास धरून ठेवू शकत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त. आणि फसलेल्या माणसाला घरात एका शब्दानंही बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

आठवी पायरी: आपला स्वतःचा फोन

ही पायरी छोटी आहे. तुम्ही वडिलांशी बोलताना खाली फोनमध्ये बघत असाल तर तेही तसंच शिकतील. आमच्याकडं जेवताना सगळ्यांचे फोन सोप्यातल्या कोनाड्यात, आणि रात्री चार्जिंगलाही तिथंच. उठायला गजराचं घड्याळ आणलं, म्हणजे फोन उशाशी ठेवायला निमित्त उरत नाही. फोनमध्ये प्रत्येक ॲपला रोजची वेळ ठरवून देता येते. मी माझ्या फोनवर ती लावली आहे आणि अण्णांच्या हातून लावून घेतली, म्हणजे शिकवणंही झालं.

तीन महिन्यांनी वही परत काढा

फोन आल्यावर तीन महिन्यांनी तीच दोनशे पानी वही उघडा आणि परत एक आठवडा लिहा. कुठली कामं, कोण कोण भेटलं. दोन्ही आठवड्यांतली उजवी बाजू शेजारी शेजारी ठेवा. नावं कमी झाली असतील तर कुठल्या ॲपनं कमी केली ते शोधा आणि ते काढून टाका, कितीही सोयीचं असलं तरी.

अण्णांच्या वहीत कट्ट्यावरचे मामा परत आले. न्हाव्याचं दुकान आलं, तालमीची पायरी आली. आणि एक नवं नाव दिसलं, कागलच्या एका जुन्या दोस्ताचं. तरुणपणी अण्णांबरोबर एकाच तालमीत मेहनत करणारे, तीस-बत्तीस वर्षं गाठ नाही. त्यांच्या नातवाचा नंबर कुणाच्या तरी ग्रुपवर मिळाला. अण्णांनी स्वतः, दोन दिवस वहीत बघून बघून, त्यांना आवाज पाठवला होता. मला कुणी सांगितलंच नव्हतं. नावाच्या पुढं अण्णांच्या अक्षरात एवढंच लिहिलेलं: 'गुरुवारी सकाळची एसटी. किटलीभर दूध न्यायचं.'